बिलावरील २१० युनिट म्हणजे किती मेगाज्यूल, आणि गॅस सिलिंडरशी त्याची तुलना कशी करावी?

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३.६ मेगाज्यूल किंवा सुमारे ८६० किलोकॅलरी. त्यामुळे तुमची २१० युनिट वीज ७५६ मेगाज्यूल भरते. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमधील गॅस पूर्ण जळला, तर साधारण ६५० मेगाज्यूल, म्हणजे १८० युनिटांच्या आसपास उष्णता मिळते.

मात्र प्रश्नाच्या ओघात तुम्ही ‘आमचा गीझर दोन किलोवॅटचा आहे, म्हणजे दर आंघोळीला दोन युनिट जातात’ असे लिहिले आहे, आणि मी उत्तर लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. साताऱ्याच्या आमच्या घरी थोरले बंधू हेच वर्षानुवर्षे ठासून सांगत आले. घरात त्यांच्या शब्दाला मान असल्यामुळे आमचे वडील, पंचाहत्तरी उलटल्यावरसुद्धा, ऐन पौषात गीझर लगेच बंद करून कोमट पाण्यावर आंघोळ उरकत असत, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटे.

किलोवॅट हा वीज वापरण्याचा वेग आहे. वापरलेली वीज किती, हे त्या वेगाला वेळेने गुणल्यावरच कळते. पंधरा लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १५ गुणिले ३८, म्हणजे ५७० किलोकॅलरी लागतात. त्यांना ८६० ने भागले की ०.६६ युनिट येते. दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी वीस मिनिटे लागतील, तीन किलोवॅटच्या गीझरला तेरा-चौदा, पण युनिट दोन्हीकडे तेवढेच पडेल. एका रविवारी मी घरातील बाकी सर्व उपकरणे बंद केली आणि पाणी तापण्यापूर्वीचे व नंतरचे मीटरचे वाचन बंधूंच्या देखत लिहून घेतले. फरक पाऊण युनिटाच्या आत होता. बंधू ‘मीटरच मंद आहे’ एवढे म्हणून उठले. वडिलांनी मात्र तो कागद नीट वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून गीझरचा दिवा आपोआप विझेपर्यंत ते थांबू लागले. ज्यांना हा हिशेब करून पाहायचा नाही, त्यांनी घरातील वृद्धांच्या गरम पाण्यावर निर्बंध घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिलिंडरबाबत एक सांगायचे राहिले. शेगडीची सगळी उष्णता भांड्याला मिळत नाही. आपल्याकडील मानकानुसार शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे १८० पैकी सव्वाशे युनिटांच्या आसपास उष्णता उपयोगी पडते असे धरा. तसेच गीझर दिवसभर चालू ठेवल्यास टाकीतून उष्णता सतत बाहेर जात राहते आणि माझे वरील गणित लागू पडत नाही. तुमच्या घरीही कोणी दोन युनिटांचा आग्रह धरत असेल, तर वाचन त्यांच्याच हाताने लिहून घ्या, म्हणजे आकड्यावर नंतर शंका घेतली जाणार नाही.