लँडलाईनवरून मोबाईलला शून्य कशाला? भारतातल्या दहा अंकांची मांडणी

तुमचे प्रश्न दोन. पुण्याच्या लँडलाईनवरून समोरच्या इमारतीतल्या मोबाईलला फोन करतानाही आधी शून्य का दाबावा लागतो, आणि नंबर पाहून माणूस कुठला ते कळतं का. दोन्हींचं मूळ एकच आहे, पण त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

भारतातला कुठलाही नेहमीचा नंबर आतून दहा अंकी असतो. मोबाईल तर उघडच दहा अंकी. लँडलाईनचे एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा. मुंबईचा कोड २२, म्हणून स्थानिक नंबर आठ अंकी. नाशिकचा २५३, म्हणून सात. साताऱ्याचा २१६२, म्हणून सहा. सुरुवातीचा शून्य या दहात धरत नाहीत. "पुढचे अंक स्थानिक नाहीत, संपूर्ण नंबर येतोय" एवढंच तो टेलिफोन एक्स्चेंजला सांगतो. परदेशातून +९१ लावल्यावर ही सूचना देण्याची गरज उरत नाही, म्हणून तिथे शून्य गाळायचा. दुकानांच्या पाट्यांवर "+९१ ०२०" असं सर्रास लिहिलेलं असतं, ते चूक आहे.

एक्स्चेंज नंबर डावीकडून एकेक अंक वाचत जातं. त्यामुळे २० हा कोड पुण्याला दिला की २०१, २०२ असे कोड दुसऱ्या कुठल्या गावाला देता येत नाहीत. दोन अंकी कोड म्हणजे एका शहराच्या नावावर कागदोपत्री दहा कोटी नंबर. चार अंकी कोडाच्या तालुक्याला दहा लाख. हा सगळा जमीनवाटपाचाच प्रकार आहे आणि मोठ्या शहरांकडे पडीक जमीन भरपूर आहे, कारण स्थानिक नंबर २ ते ६ यांपैकीच एखाद्या अंकाने सुरू होतात. खासगी कंपन्या लँडलाईनमध्ये आल्या तेव्हा तो पहिला अंक कंपनीप्रमाणे वाटला गेला: बीएसएनएल-एमटीएनएलला २, एअरटेलला ४, टाटाला ६. जुन्या नंबरांच्या आधी एके दिवशी २ येऊन बसला आणि घरोघरच्या डायऱ्या खाडाखोडीने भरल्या, तो यातूनच.

कोडाचा पहिला अंक साधारण विभाग दाखवतो, पण तो राज्याच्या सीमा पाळत नाही. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि मराठवाडा २ मध्ये आहेत, गुजरातचा बराच भाग त्यांच्यासोबत. विदर्भ मात्र ७ मध्ये, मध्य प्रदेशाच्या पंक्तीला: नागपूर ७१२, अमरावती ७२१, अकोला ७२४. गोवा ८३२ आणि बेळगाव ८३१, म्हणजे लँडलाईनच्या हिशेबात गोवा कर्नाटकाच्या शेजारी बसतो. मोबाईलच्या परवाना क्षेत्रांत मात्र तोच गोवा महाराष्ट्राबरोबर एकाच सर्कलमध्ये आहे, आणि मुंबई त्या सर्कलच्या बाहेर, वेगळी. दोन व्यवस्था वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांसाठी आखल्या गेल्या. त्यांचा मेळ बसवायला जाऊ नये.

आता मोबाईल. सुरुवातीला ९ ने सुरू होणारे नंबर पुरेसे वाटले. पहिल्या चार अंकांवरून कंपनी आणि सर्कल दोन्ही कळायचं: ९८२० म्हणजे मुंबई, ९८२२ म्हणजे महाराष्ट्र-गोवा, ९४२२ म्हणजे बीएसएनएलचा महाराष्ट्र. पण अशा एका मालिकेत फक्त दहा लाख नंबर बसतात. मुंबईहून पुण्याला लावताना शून्याऐवजी ९५ लावून ९५-२० फिरवायचो ते आठवतंय का? ती सोय बंद झाल्यावर ९५ सुद्धा मोबाईलला गेला. मग ८, ७ आणि ६ मधल्या रिकाम्या जागा वापरात आल्या. बंगळूरचा कोड ८० असूनही ८०८७ ने सुरू होणारा मोबाईल महाराष्ट्रात चालतो, कारण बंगळूरचा कुठलाच स्थानिक नंबर ८ ने सुरू होत नाही. तिसरा अंक वाचला की घोळ मिटतो. आखणारा हुशार होता, हे मान्य करावं लागतं.

पण ही हुशारी पूर्ण दहा अंक फिरवले तरच चालते. लँडलाईनवरून तुम्ही स्थानिक नंबर कोडाशिवाय लावता. उद्या मोबाईलही २ किंवा ५ ने सुरू व्हायला लागले, तर पहिले अंक ऐकून एक्स्चेंजला कळणार कसं की आठ अंकी स्थानिक नंबर येतोय की दहा अंकी मोबाईल? म्हणून मे २०२० मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने शिफारस केली आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला शून्य सक्तीचा झाला. त्यातून सुमारे २५४ कोटी नंबरांची जागा मोकळी होईल असा हिशेब होता. मोबाईल अकरा अंकी करण्यापेक्षा हा मार्ग फारच स्वस्त. तसं केलं असतं तर बँका, आधार, गॅस एजन्सी, सगळीकडच्या नोंदी बदलाव्या लागल्या असत्या. यंत्रांना जोडायच्या सिमकार्डांसाठी २०१८ पासून तेरा अंकी नंबर वेगळे काढलेत. ९१ धरून ते बरोबर पंधरा होतात, आणि आंतरराष्ट्रीय मर्यादाही पंधराचीच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लँडलाईनवरून गाव कळतं, मोबाईलवरून आता काहीच खात्रीने कळत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि जुलै २०१५ पासून सर्कलही. कॉल लावला की तुमची कंपनी आधी डेटाबेसमध्ये पाहते की हा नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि मगच पुढे पाठवते. तेव्हा "९४२२ आहे म्हणजे आपल्याकडचाच माणूस" असं समजून अनोळखी कॉलवर भरवसा टाकू नका. १४० ने सुरू होणारा कॉल जाहिरातीचा आणि १६० ची मालिका बँका वगैरेंच्या कामाच्या कॉलसाठी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने पुढची शिफारस केली आहे: लँडलाईनवरून लँडलाईनलाही, अगदी त्याच गावात, शून्य आणि कोडासकट पूर्ण नंबर लावायचा. नंबर कुणाचेच बदलणार नाहीत, फक्त फिरवायचे अंक वाढतील. मोबाईलमध्ये सगळे नंबर +९१ लावून साठवा, म्हणजे परदेशातूनही तसेच लागतील. घरच्या लँडलाईनच्या मेमरीत मात्र मोबाईल नंबर शून्यासकटच भरा, तिथे +९१ चालत नाही.