बायबलमध्ये पोपच्या अधिकाराला खरंच आधार आहे का?

पेत्राला, म्हणजे येशूच्या ज्या शिष्याला कॅथलिक पहिला पोप मानतात त्याला, आधार आहे, पोपला नाही. माझ्यापुरतं उत्तर एवढंच. पण वर उत्तर देणारे लोक मत्तय १६:१८ ("तू पेत्र आहेस, या खडकावर मी माझी मंडळी रचीन") चिकटवून मोकळे झालेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही जालन्याचे, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). बहीण दिली वैजापूरकडं कॅथलिक घरात. भाचीच्या पहिल्या कम्युनियनला (पवित्र भाकर घेण्याच्या विधीला) आम्ही सगळे गेलो, मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना चालू, पांढऱ्या फ्रॉकातल्या पोरी पुढं, मी पण रांगेत लागलो तर दाजींनी मागून बाही ओढली, "तुम्ही नका घेऊ, तुम्ही पोपच्या मंडळीत नाहीत." भर चर्चमध्ये! बहिणीनं खाली मान घातली. बरं, नियम आहे त्यांचा, मान्य, पण आदल्या दिवशी फोनवर सांगता येत नव्हतं काय?

मग जेवणाच्या पंगतीत विषय निघालाच. दाजींनी मटणाचा हात पुसून मोबाईलमध्ये यशया २२:२२ काढलं. दावीदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमच्या खांद्यावर, म्हणजे राजाचा कारभारी, एक गेला की दुसरा येतो, आणि येशू पेत्राला किल्ल्या देतो ते हेच. हा मुद्दा त्यांचा भारी आहे, आमच्यातले लई जण हा वाचतच नाहीत. पण मी म्हणलं, कारभाऱ्याच्या जागी दुसरा बसवल्याचं तिथं लिहिलंय तरी, पेत्राच्या बाबतीत ते कुठंय? किल्ल्यांबरोबर पेत्राला दिलेला बांधण्या-सोडण्याचा (मना करण्या-मोकळीक देण्याचा) अधिकार तर मत्तय १८:१८ मध्ये सगळ्या शिष्यांना दिला. यरुशलेमच्या सभेत (प्रेषित १५) पेत्र बोलला खरा, पण शेवटचा निर्णय तिथल्या मंडळीचा पुढारी याकोबानं मांडला. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल रोमच्या मंडळीतल्यांना नावं घेऊ घेऊ सलाम सांगतो, त्यात पेत्र नाही. आणि गलतीकरांस पत्र २:११ तर आहेच, अंत्युखियात पौलानं पेत्राला तोंडावर सुनावलं.

यावर दाजी गप. सासरेबुवांनी रस्सा वाढायला लावला.

आता एक सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटात कॅथलिक भाऊ धरतील. पौलानं पेत्राचं वागणं चूक म्हणलं, शिकवण नाही. आणि १८७० च्या व्हॅटिकन सभेनं पोपला अचूक ठरवलं ते विश्वास-नीतीच्या अधिकृत घोषणेपुरतं, रोजच्या बोलण्याला नाही. त्यामुळं नुसत्या गलतीकरांच्या त्या वचनावर पोप पडत नाही. पेत्र रोममध्ये मेला हे पण मी नाकारत नाही. योहान २१ मधलं "माझी मेंढरं पाळ" मलाही खरंच वाटतं, फक्त ते पेत्राला म्हणलंय, त्याच्या खुर्चीला नाही.

तुम्ही घरात असं लग्न जुळतंय म्हणून विचारत असाल तर वचनं राहू द्या, मिस्सा कुठं, लेकरांचा बाप्तिस्मा कुणाकडं, कम्युनियनला पाहुण्यांनी बसायचं का उठायचं, हे सुपारी फुटायच्या आधी विचारून घ्या.

आणि दाजी, वाचत असाल तर १ पेत्र ५:१ काढा. तिथं पेत्र मंडळीच्या बाकीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बरोबरीचं धरून लिहितो. त्याचं उत्तर अजून बाकी आहे तुमच्याकडं.