बोंडातल्या अळीपर्यंत फवारा कसा पोहोचवायचा?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या धाकट्या भावाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला असून सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने होत आले. तेव्हापासून त्याला लघवी लालसर होते, त्यामुळे तो धास्तावला आहे. प्रयोगशाळेत घडवलेले विषाणू माणसाच्या पेशीत शिरून आतले जिवाणू मारतात, असे त्याने मोबाइलवर वाचले आणि आता तो ‘गोळ्या बंद करतो, ते औषध येऊ दे’ म्हणतो. असे विषाणू खरेच आहेत का? ते माणसालाच बाधणार नाहीत का?
— एक शेतकरी वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भावाच्या गोळ्या एक दिवसही बंद करू नका, हे आधी सांगतो. लघवीचा लालसर-नारिंगी रंग हा रिफाम्पिसिन या औषधाचाच रंग असून त्याने कसलाही अपाय होत नाही.

भावाने वाचलेले खोटे नाही, पण अर्धवट आहे. जिवाणूंना मारणारे विषाणू मातीत, नाल्यात, आपल्या आतड्यातही असतात. फेलिक्स द’हेरेल यांनी 1917 मध्ये त्यांना बॅक्टेरिओफाज हे नाव दिले. आता थोडक्यात फाज म्हणतात. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हे विषाणूचे औषध फवारणाऱ्याला फाज माणसाला का बाधत नाहीत हे वेगळे सांगायला नको. त्या विषाणूने मेलेली अळी शेंड्याला उलटी लोंबकळताना आपण पाहिली असेल. फवारणाऱ्याला मात्र काही होत नाही, कारण तो विषाणू माणसाच्या पेशीत वाढूच शकत नाही. फाजही तसाच ठरावीक जिवाणूला चिकटतो, त्याच्या आत वाढतो आणि अखेर त्याला फोडून बाहेर पडतो.

खरी अडचण निराळीच आहे. क्षयाचे जिवाणू, त्यांना गिळायला आलेल्या आपल्याच संरक्षक पेशींमध्ये ठाण मांडून बसतात. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारा वरच्या वर राहतो, तशीच फाजची गत होते, कारण माणसाच्या पेशीवर त्याला पकड घ्यायला जागा नसते. म्हणून संशोधक फाजच्या कवचावर पेशीत शिरायला मदत करणारा प्रथिनाचा छोटा तुकडा बसवून पाहतात, किंवा त्याला स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कुपीत भरतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 2002 मधील प्रयोग : क्षयाच्या जिवाणूचा एक निरुपद्रवी भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, याच्यात फाज भरून तो संरक्षक पेशींना गिळू दिला, तेव्हा त्याच्याबरोबर फाजही आत गेला आणि आतल्या क्षयजिवाणूंची संख्या घटली. पण हे घडले प्रयोगशाळेतील पेशींमध्ये, रोग्याच्या छातीत नव्हे. शिवाय आत शिरलेला फाज जिवाणूपर्यंत पोहोचण्याआधीच पेशीच्या पाचक कप्प्यात नष्ट होऊ शकतो.

माणसावर घडवलेला फाज वापरल्याचे उदाहरणही आहे. 2018 मध्ये लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या 15 वर्षांच्या एका मुलीला, फुप्फुस प्रत्यारोपणानंतर, क्षयाच्या कुळातील एका चिवट जिवाणूने ग्रासले होते व औषधे चालेनाशी झाली होती. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या चमूने तिच्यासाठी तीन फाज निवडले. त्यांतला एक दक्षिण आफ्रिकेत सडक्या वांग्यावर सापडला होता. उरलेले दोन फाज जिवाणूला मारण्याऐवजी त्याच्या आत गुपचूप मुक्काम करणारे होते, म्हणून त्यांना गप्प ठेवणारे जनुकच काढून टाकण्यात आले. मुलीच्या जखमा भरू लागल्या, यकृताचे काम सुधारले. हा उपचार तिच्या जिवाणूपुरता बेतलेला होता. तो दुकानात मिळणारी बाटली नव्हे.

तुमच्या भावाच्या गोळ्यांना मात्र ही भिंत आडवी येत नाही. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड यांचे रेणू इतके लहान असतात की ते पेशीच्या आत जाऊन जिवाणू गाठतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर उरलेले जिवाणू त्याच औषधांना न जुमानणारे होऊ शकतात, आणि फाजची वाट पाहावी लागणारे रोगी प्रामुख्याने असेच असतात. लाल लघवीने घाबरू नये, पण डोळे पिवळे दिसू लागले, सतत उलट्या झाल्या किंवा जेवणावरची वासना उडाली, तर आशाताईंना कळवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. गोळ्यांचा यकृतावर परिणाम झाला असल्यास डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात.