रिपोर्ट अर्धवट, निदान लांबणीवर : मधल्या आठवड्यांचं काय करायचं?

‘तपासण्या झाल्या. काही रिपोर्ट आलेत, काही यायचेत. डॉक्टर आजाराचं नाव सांगत नाहीत. तोवर दिवस काढायचे कसे?’ न्यूरॉलॉजीच्या ओपीडीतून समुपदेशनाला येणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. खालची हकिगत अशा अनेकांची मिळून एक केलेली आहे.

ताई शाळेत शिक्षिका, वय तिशीच्या आसपास. उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसू लागलं, डोळा फिरवला की दुखायचं, लाल रंग विटका वाटायचा. डोळ्याच्या नसेला सूज आली होती, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 1 ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस सलाइनमधून दिलं आणि नजर परतू लागली. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘डिमायलिनेटिंग आजार (नसांवरचं आवरण खराब करणारा), तपास चालू’ एवढंच लिहिलेलं. मेंदूच्या एमआरआयमध्ये दोन-तीन पांढरे ठिपके, शेरा ‘नॉन-स्पेसिफिक’, म्हणजे कुठल्याही एका आजाराकडे बोट न दाखवणारे. पाठीतल्या पाण्याच्या (मणक्यातून सुईने काढलेल्या, मेंदू-मज्जारज्जूभोवतालच्या द्रवाच्या) रिपोर्टात ऑलिगोक्लोनल बँडचा, म्हणजे अँटिबॉडींच्या पट्ट्यांचा, रकाना कोरा. अँटिबॉडीचे दोन रिपोर्ट यायचे होते.

“मॅडम, डॉक्टरांना कळलंय सगळं. मलाच सांगत नाहीयेत,” ताई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या यजमानांच्या मोबाइलमध्ये रिपोर्टचे फोटो, तारखांचा क्रम नसलेले.

अशा वेळी ‘काळजी करू नका’ म्हणून काही साधत नाही, कारण काळजीला कारण आहेच. आम्ही आधी कागद लावून घेतो. एका पानावर चार रकाने आखायचे : तपासणी कोणती, ती कशासाठी, अडलंय कुठे, आणि उत्तर आल्यावर उपचारात काय बदलेल. चौथा रकाना भरायला डॉक्टरच लागतात. पुढच्या भेटीत विचारायचा पहिला प्रश्न तिथेच मिळतो.

ताईंचं पान भरताना निम्मा संशय गळाला. बँडचा रकाना कोरा होता, कारण पाण्यासोबत रक्ताची नळी लॅबला पोचलीच नव्हती. या तपासणीत पाणी आणि रक्त शेजारीशेजारी पाहतात. पट्टे फक्त पाण्यात दिसले तर मज्जासंस्थेच्या आत अँटिबॉडी तयार होताहेत असा अर्थ निघतो. नुसत्या पाण्यावरून ते ठरत नाही. लॅबला सॅम्पल नंबर सांगून विचारलं. पाणी राखून ठेवलेलं होतं, फक्त रक्त हवं होतं.

एमआरआयही अर्धाच होता : कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून द्यायच्या औषधाशिवाय), आणि फक्त मेंदूचा. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस हा असाच एक डिमायलिनेटिंग आजार. तो ठरवताना बिघाड एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी झालाय का, हे बघतात. कॉन्ट्रास्टने ताजे ठिपके उजळतात, जुने उजळत नाहीत. त्यामुळे एकाच तपासणीत काळाचा अंदाज येतो. मणक्याच्या एमआरआयमध्ये काही त्रास न देणारा ठिपकाही सापडू शकतो. निकषही बदलत आलेत. 2017 च्या निकषांत मेंदू-मज्जारज्जूतल्या चार जागा धरल्या होत्या, 2024 च्या सुधारणेत डोळ्याची नसही धरली गेली. दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली तर लगेच कोणीतरी चुकलंय असं समजू नये.

यायच्या दोन रिपोर्टांत सर्वांत महत्त्वाची ती अ‍ॅक्वापोरिन-4 अँटिबॉडी. ती सापडली तर आजार न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या (डोळ्याच्या नसेला आणि मज्जारज्जूला सूज आणणाऱ्या, एमएसहून वेगळ्या आजाराच्या) गटातला, आणि एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा किंवा फिंगोलिमॉड, त्या आजारात उलट नुकसान करतात. डॉक्टर थांबले होते ते यासाठी. हे ऐकल्यावर यजमान म्हणाले, “हे आधी कुणी सांगितलं असतं तर?” खरंय. ओपीडीच्या गर्दीत हे राहून जातं, म्हणून विचारायची सवय आपणच लावून घ्यावी.

रात्रीचा प्रश्न वेगळा होता. झोप नाही, चिडचिड, दोन्ही हातांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. झोप उडण्यात स्टेरॉइडच्या मोठ्या डोसचा वाटा मोठा असतो, हे ताईंना ठाऊकच नव्हतं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि अशाच मुंग्या येतात. पण सगळं मनाचंच म्हणून सोडूनही द्यायचं नाही. आम्ही नियम ठरवून दिला : शरीराची नोंद दिवसातून एकदा, संध्याकाळी, दहा मिनिटं. नवी लक्षणं, म्हणजे एका बाजूला बधिरपणा, हातपाय जड, नजर पुन्हा कमी, 24 तासांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना फोन. लघवी अडली, काही तासांत पायातली ताकद गेली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर थेट कॅज्युअल्टी. उचकी किंवा उलटी दिवसेंदिवस थांबत नसेल तर तेही सांगायचं, ते न्यूरोमायलायटिसचं लक्षण असू शकतं. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर नजर थोडी धुरकटली आणि अंग थंड झाल्यावर परत आली, तर तो सहसा नवा झटका नसतो.

नातेवाइकांचा फोन हा स्वतंत्र आजार. ताईंना एकच वाक्य पाठ करायला सांगितलं : “डोळ्याच्या नसेची सूज उतरतेय, कारण शोधायला दोन तपासण्या बाकी आहेत.” सासूबाईंनाही तेवढंच. लॅबला फोन एकाच माणसाने, ठरलेल्या वारी करायचा. आणि कुणी आग्रह केला म्हणून बी-12 चं इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही. रक्त देण्याआधी ते घेतलं तर पातळी फुगलेली येते आणि बी-12 ची कमतरता हे एक कारण तपासायचं राहून जातं.

शेवटी अँटिबॉडी दोन्ही निगेटिव्ह आल्या. मणका स्वच्छ, मेंदूतले ठिपके न उजळलेले, बँड मात्र फक्त पाण्यात सापडले. म्हणजे एमएसची शक्यता वाढली, पण ठिपक्यांच्या जागा निकषात बसेनात, त्यामुळे नाव अजून नाहीच. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायचं ठरलं. तो शक्यतो त्याच मशीनवर करायचा आणि फिल्मवर न थांबता सीडी मागून घ्यायची, म्हणजे ठिपक्यांची तुलना नीट होते. ताईंनी दोन नवे प्रश्न पानावर लिहिले. एक बाळाचा. औषध सुरू करायची वेळ आली तर निवड त्यावर अवलंबून राहील, म्हणून तो आत्ताच डॉक्टरांपुढे ठेवायचा. दुसरा विम्याचा. फॉर्ममध्ये चालू तपासण्या लपवल्या तर पुढे दावा फेटाळला जाऊ शकतो, तेव्हा ‘निदान झालेलं नाही, तपास चालू आहे’ असं खरं तेच लिहायचं आणि सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडायची.