पोकरच्या लिंका लावून धंदा होतो का?

गेल्या अंकात ॲफिलिएट मार्केटिंगबद्दल, म्हणजे आपल्या लिंकवरून गिऱ्हाईक आणून कमिशन कमावण्याबद्दल, लिहिताना मी जाता जाता सांगितलं होतं, की या कामाचे धडे मी माल्टात, एका ऑनलाइन पोकर कंपनीच्या ॲफिलिएट विभागात नोकरी करताना गिरवले. तेवढं एक वाक्य वाचकांनी बरोबर हेरलं. मिक्सरच्या आणि पुस्तकांच्या लिंकांबद्दल मी दोन पानं लिहिली होती, त्यावर एकही पत्र नाही! असो. आलेल्यांपैकी काही पत्रं घेते.

ताई, मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इन्स्टाग्रामवर पोकरचे डाव समजावून सांगतो, बऱ्यापैकी फॉलोअर आहेत. एका परदेशी ॲपवाल्यांचा मेसेज आलाय: माझ्या कोडवरून येणाऱ्या खेळाडूच्या रेकचे (कंपनी डावातून कापून घेते त्या रकमेचे) ३० टक्के, आयुष्यभर. सुरुवात कशी करू?

करू नका.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झालेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा एकदा शांतपणे वाचा. इंग्रजीत आहे, पण मोठा नाही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ त्यात सरसकट बंद केलाय. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा आपल्याकडचा जुना वाद तिथे कामाचाच नाही, कारण दोन्ही एकाच व्याख्येत घेतलेत. तुमच्याशी थेट संबंध येतो तो जाहिरातीच्या कलमाचा. जाहिरात करणारा, करवणारा, त्यात मदत करणारा, कोणत्याही माध्यमातून आडून का होईना लोकांना खेळायला उद्युक्त करणारा, सगळे त्यात येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळायला बोलावणाऱ्याला आहे. आणि कोड वाटणारा ॲफिलिएट म्हणजे बोलावणाराच.

‘पण ॲप परदेशी आहे’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी मुद्दाम गाळलं, कारण त्याचा उपयोग नाही. बाहेरून चालवलेल्या सेवेलाही हा कायदा लागू आहे. उलट भारतातल्या नोंदणीकृत कंपन्यांनी कायदा येताच पैशाची टेबलं बंद केली, म्हणून तर हे बाहेरचे आता तुमच्यासारखी मुलं शोधतायत. कंपनीचा पत्ता कुठल्या तरी बेटावरचा. चेहरा, फोन नंबर आणि बँक खातं मात्र नाशिकचं. पोलीस कुणाचं दार ठोठावतील? कायद्याला न्यायालयात आव्हान दिलंय हे खरं, पण निकाल काय लागेल यावर धंदा उभा करायचा नसतो.

‘आयुष्यभर’बद्दलही बोलायला हवं. मी हे करार पलीकडच्या बाजूला बसून हाताळलेत. पहिल्या पानावर आयुष्यभर असतं आणि शेवटाकडे एक ओळ असते, की कंपनी अटी केव्हाही बदलू शकते. ती ओळ शोभेची नसते, वेळ आली की वापरली जाते.

तुमच्याकडे खरी चीज आहे ती डाव समजावून सांगण्याची. कोड, लिंक, ॲपचं नाव यातलं काहीही न टाकता ती चालू ठेवा. पोकरमध्ये खोल्यांशिवायही, म्हणजे खेळायच्या साइट सोडूनही, ॲफिलिएट कार्यक्रम असतात: सॉल्व्हर (डावाची उत्तम चाल काढून देणारं सॉफ्टवेअर), हँड ट्रॅकर (खेळलेल्या डावांची नोंद ठेवणारं), शिकवण्या. त्या वाटेनं जावंसं वाटलं तर आधी वकिलाला विचारा, आणि लिहा इंग्रजीत, कारण हे सॉफ्टवेअर विकत घेणारं गिऱ्हाईक जिथे पोकर कायदेशीर आहे तिथे बसलंय.

मी निवृत्त बँक अधिकारी, सातारा. खेळायची इच्छा नाही, लिंका लावायची त्याहून नाही. पण गणित कळत नाही. या ॲफिलिएटना पैसा येतो कुठून?

साहेब, तुमचं पत्र आवडलं. पैसा येतो रेकमधून. पोकरमध्ये कंपनी खेळाडूविरुद्ध खेळत नाही. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात, आणि टेबल पुरवल्याबद्दल कंपनी प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, पाच टक्क्यांच्या आसपास कापून घेते. त्यालाही वरची मर्यादा असते. स्पर्धा असेल तर प्रवेशाच्या रकमेवर वेगळी फी.

आता समजा, एक खेळाडू महिन्याला १०० डॉलर रेक भरतो. त्यातून बोनस, त्यालाच परत दिलेला रेकबॅक, पेमेंटचा खर्च, कर हे वजा केलं की उरले ६०. ॲफिलिएटचा वाटा ३० टक्के, म्हणजे १८ डॉलर. हा झाला रेव्हेन्यू शेअर. जाहिरातीत ‘३० टक्के’ दिसतं तेव्हा ते कशाचे, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. अठराचे तीस झालेले मी कधी पाहिले नाहीत. दुसरी रीत सीपीएची: खेळाडूनं पहिल्यांदा पैसे भरून ठरलेला रेक पूर्ण केला की एकरकमी, समजा १०० डॉलर, आणि विषय संपला. सहाव्या महिन्याला १०८ होतात, म्हणून रेव्हेन्यू शेअर बरा वाटतो. पण खेळाडू सहा महिने टिकायला हवा ना! नवखे बहुतेक पहिल्याच रकमेत आटोपतात.

इथेच गंमत आहे. रेक जास्त भरतो तो रोज तासन्‌तास बसणारा पक्का खेळाडू, म्हणून ॲफिलिएट अशांच्या मागे. पण हा पक्का गडी नवख्यांना धुऊन काढतो, नवखे निघून जातात आणि टेबल ओस पडतं. कंपन्यांच्या हे लक्षात आल्यावर २०१० नंतर युरोपातल्या काही नेटवर्कांनी हिशोबच बदलला. रेकचं श्रेय कुणी भरला यावर नव्हे, तर तो पैसा मुळात कुणी टेबलावर आणला यावर. ज्या ॲफिलिएटनं फक्त वाघ गोळा केले होते, त्याचा आकडा एका महिन्यात खाली आला. माझ्या टेबलावरचा फोन त्या काळात सारखा वाजायचा.

ॲफिलिएटचं हे जग उभं राहिलं ते २००३ नंतर. टेनेसीचा एक हिशोबनीस, ख्रिस मनीमेकर, ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धामालिकेत पोहोचला आणि मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. आडनावही तेच, जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं! त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. पुढच्या वर्षी २,५७६, मग ५,६१९, आणि २००६ मध्ये ८,७७३. हे सगळे नेटवर खेळायला जागा शोधत होते, आणि ज्याच्याकडे ‘कुठे खेळावं’ सांगणारं एखादं पान होतं त्याला पैसा मिळत होता.

मग ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेनं जुगाराच्या पेमेंटवर बंदी आणणारा कायदा केला. काही मोठ्या कंपन्या ताबडतोब अमेरिकेतून बाहेर पडल्या, काही तिथेच राहिल्या. ज्या राहिल्या त्यांच्यावर १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारी वकिलांनी आरोप ठेवले; पोकरवाले त्या दिवसाला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर ही तेव्हाची तीन बडी नावं त्यात होती. अमेरिकी खेळाडूंना पैशाची टेबलं बंद झाली, आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्या ॲफिलिएटची आयुष्यभराची मिळकत त्या शुक्रवारीच थांबली. भाड्याच्या जागेत इमला बांधल्यासारखं आहे हे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये जे घडलं, ते पाहून मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

टिकलं ते कोण, हेही सांगते. २००५ मध्ये जर्मनीत सुरू झालेलं पोकरस्ट्रॅटेजी हे माझ्या मते या धंद्यातलं सर्वात डोकेबाज काम. आधी फुकट शिकवायचं, मग परीक्षा घ्यायची, आणि पास झालेल्याला खेळायला ५० डॉलर द्यायचे. परीक्षा देऊन आलेला माणूस पहिल्या रात्री उधळत नाही. तो टिकतो, आणि टिकतो म्हणून त्याचा रेक वर्षानुवर्षं येतो. २०१३ मध्ये प्लेटेक या गेमिंग सॉफ्टवेअर कंपनीनं ते सुमारे ३.८ कोटी युरोंना विकत घेतलं. ‘टॉप टेन पोकर साइट’ अशी यादी लावून बसलेल्यांना एवढी किंमत कुणी देत नाही.

मी एडिसन, न्यू जर्सी इथे असते. नवरा आणि मी दोघंही आयटीत, एच-वन-बीवर. इथे ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, मग इथे करायला काय हरकत? मराठी लोकांचे मोठे ग्रुप माझ्याकडे आहेत.

पहिली हरकत तुमचा व्हिसा. एच-वन-बीवर काम करायचं ते ज्यानं व्हिसासाठी अर्ज केला त्या मालकाकडेच. कमिशन कमावणारी साइट स्वतः चालवणं हे काम धरलं जातं. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा, निदान इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. मैत्रिणीच्या नावावर करू का, असं तुम्ही पुढे विचारलंय. नको.

ज्यांना ही अडचण नाही त्यांच्यासाठी पुढचं. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०१३ पासून ऑनलाइन पोकर चालू आहे, अटलांटिक सिटीच्या कसिनोंच्या परवान्याखाली, वयाची अट २१. ॲफिलिएटलाही राज्याच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे नोंद करावी लागते. एकरकमी सीपीए घेणाऱ्याला साधी नोंदणी पुरते. महसुलात वाटा घ्यायचा तर वरच्या दर्जाचा परवाना लागतो, चौकशी होते, खर्च वाढतो. म्हणून तिथले छोटे ॲफिलिएट सीपीएवर चालतात.

आणि बाजार छोटा आहे. राज्यातल्या सगळ्या पोकर खोल्यांची मिळून महिन्याची कमाई दोन-तीन दशलक्ष डॉलरच्या आसपास, तर ऑनलाइन कसिनोची त्याच्या कित्येक पट. त्यामुळे पोकरची म्हणवणारी पानं खरा पैसा स्लॉटकडे, म्हणजे कसिनोच्या नशिबाच्या यंत्रांकडे, माणूस वळवून मिळवतात. तिथे खेळ कंपनीविरुद्ध, म्हणजे ॲफिलिएटचा वाटा थेट खेळाडूच्या हरण्यातून. कंपनीच्या आत असताना मला हे पचायला जड जायचं, आजही जातं. तुम्ही ते करणार की नाही, हे साइटचं नाव ठरवण्याआधी ठरवा.

पोकरचंच करायचं तर लोकांना खरंच जे हवं असतं ते लिहा. मंगळवारी रात्री नऊला पंचवीस सेंटच्या टेबलांवर किती माणसं असतात. पैसे काढायला प्रत्यक्षात किती दिवस लागले. न्यूयॉर्कच्या हद्दीजवळ फोनचं लोकेशन गडबडलं तर काय करायचं. आपण राज्याबाहेर ऑफिसला गेलो की लॉगिन का चालत नाही. २०१८ मध्ये नेवाडा, डेलावेअरच्या खेळाडूंशी एकत्र टेबल लागायला लागलं, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया नंतर आले, त्यानं कुठल्या खोलीत गर्दी वाढली. ही माहिती दर महिन्याला बदलते, आणि ती ताजी ठेवणं हेच काम आहे. कमिशन मिळतं हे लिंकच्या शेजारीच लिहा, तळाशी बारीक अक्षरात नको. व्यसनासाठीचा १-८००-गॅम्बलर हा नंबर पानावर हवाच. गूगलच्या भरवशावर फार राहू नका. मे २०२४ मध्ये नामांकित वर्तमानपत्रांच्या आडोशानं चालणाऱ्या असल्या पानांवर त्यांनी कारवाई सुरू केली, तेव्हा मोठमोठे आपटले. ईमेलची स्वतःची यादी असू द्या.

राहिले मराठी ग्रुप. तिथे लिंक टाकू नका. ओळखीच्या माणसानं किती रेक भरला हे तुम्हाला महिन्याच्या अहवालात दिसत राहणार, आणि तोच माणूस गणपतीत मंडळाच्या जेवणाला तुमच्या शेजारी बसणार.

डोंबिवलीहून लिहितेय. भाच्याला टेलिग्रामवर एकानं पोकरची लिंक दिली. जिंकलेले ऐंशी हजार ॲपमध्ये दिसतात, पण काढायचे तर आधी वीस टक्के ‘कर’ भरा म्हणतात. तो उसने मागतोय. देऊ का?

एक रुपयाही देऊ नका. जिंकलेल्या रकमेवरचा कर पैसे देताना कापून घेतला जातो, आधी भरून घेत नाहीत. ते ऐंशी हजार फक्त पडद्यावर आहेत. भाच्यानं आजवर जे खरे पैसे पाठवले त्याचे यूपीआय क्रमांक, टेलिग्रामचे संदेश, लिंक, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच घ्या. तो खेळला म्हणून कायदा त्याला शिक्षा करत नाही, तेव्हा घाबरून काही पुसून टाकू देऊ नका. १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. शेवटचे पैसे गेले त्याला जितका कमी वेळ झाला असेल, तितकी समोरचं खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या.

लिंक देणाऱ्याचं नावही तक्रारीत लिहा. तो शेजारच्या बिल्डिंगमधला आहे असं तुम्ही म्हणता, तरीही.