पलंग रबरवुडचा चालेल, हप्ते नकोत

ऐरोलीत भाड्याने राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. रबरवुडचा पलंग आणि सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल मिळून ७८,००० रुपये. ‘नो कॉस्ट’ हप्ता महिना ६,५००, बारा महिने. रोख दिल्यास ७२,०००. सासरे म्हणतात, सुताराकडून सागवानी करून घ्या, ती गुंतवणूक आहे. त्याचा खर्च १,३५,०००. हाताशी शिल्लक १,४०,०००, घरखर्च महिना ४५,००० आणि महिन्याला १५,००० उरतात. मग काय घ्यावं, आणि रोख की हप्त्याने?

ताई, आधी लाकूड. रबराच्या झाडाचा चीक पंचवीस-तीस वर्षांनी आटला की ते तोडतात आणि त्याचं फर्निचर होतं. आपल्याकडे केरळमध्ये आणि बाहेर मलेशिया, थायलंडमध्ये याच्या मोठ्या लागवडी आहेत. म्हणूनच ते स्वस्त पडतं. ते कुचकामी असतं असं नाही. स्क्रू पार्टिकल बोर्डापेक्षा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीपेक्षा, कितीतरी घट्ट धरतं. मात्र कच्चं राहिलं तर बुरशी आणि भुंगे लगेच धरतात, म्हणून बोरॉनची प्रक्रिया करून ते भट्टीत वाळवलेलं असावं लागतं. बिलावर ‘रबरवुड, प्रक्रिया केलेलं’ असं लिहून घ्या. नुसतं ‘सॉलिड वूड’ लिहून देणाऱ्याला सागवानाचा भाव देऊ नका.

दुकानात टेबलाखाली वाका. पॉलिश न केलेला भाग फिकट, दुधाळ-पिवळसर दिसेल, बारीक गडद रेघा असतील आणि लहान पट्ट्या करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत बसवलेल्या दिसतील. हा जोड दोष नव्हे, रबरवुडची फळी बहुतेक अशीच बनते. कडेला दाबलेला भुसा दिसला तर मात्र तो बोर्ड आहे. पायाशी पिठासारखी पूड सांडलेली असेल तर भुंग्यांनी पोखरलंय, तिथून निघा.

सासऱ्यांचा सागवान टिकेल, यात वादच नाही. पण फर्निचर व्याज देत नाही, आणि जुनं विकायला काढलं की भाव कोण देतो? शिवाय भाड्याचं घर बदललं की तो जड पलंग जिन्यावरून उतरवायची हमाली तुमचीच. फरकाचे ६३,००० सात टक्क्यांनी दहा वर्षं राहिले तर सुमारे १,२४,००० होतात.

आता हप्ते. रोखीची सूट सोडून तुम्ही ६,००० जास्त भरणार, म्हणजे वर्षाला सुमारे १५ टक्के व्याज. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी, आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटीही. क्रेडिट कार्डावरच्या अशा ‘शून्य व्याज’ योजनांमध्ये व्याज लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं.

पण ७२,००० एकदम दिले तर गाठीशी दीड महिन्याचाच खर्च उरतो, हेही मला मान्य नाही. दुकानदाराने वेगवेगळे भाव दिले असतील तर आत्ता फक्त पलंग रोखीने घ्या. तो ४०,००० च्या आसपास बसायला हवा. टेबल अडीच-तीन महिन्यांनी, उरणाऱ्या पंधरा हजारांतून. तोवर जमिनीवर पंगत. आणि पलंग खिडकीजवळ लावू नका: बोरॉन पाण्याने धुतला जातो, आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात ओल सोडत नाही.