मासेराती ३५०० जीटी घेण्यापूर्वी

इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडीखाली वाकून पाहा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १९५७ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात प्रथम झळकलेल्या या इटालियन गाडीची कूपे, म्हणजे दोन दारांची बंद छताची, बॉडी मिलानच्या तूरिंग कंपनीने ‘सुपरलेजेरा’ पद्धतीने घडवली, म्हणजे पोलादी बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला; हे दोन धातू जिथे टेकतात तिथे ओल शिरली की पत्रा आतून खाल्ला जातो आणि दारांच्या खालच्या कडांना, चाकांच्या कमानींपाशी रंगाला बारीक फोड येतात. असे फोड दिसल्यास चकचकीत रंगावर भाळू नका, कारण सांगाड्यापर्यंत जाऊन केलेल्या दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या कामालाही मागे टाकू शकतो.

मासेरातीचे अभियंते ज्युलिओ आल्फिएरी यांचे सहा सिलिंडरचे इंजिन मात्र दणकट आहे, आणि मला तरी ते या गाडीचे खरे वैभव वाटते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असल्याने बाराही काढून तपासावेत.

याच गाडीच्या जीटीआय या इंधन-इंजेक्शनच्या मॉडेलमधील ल्यूकास कंपनीची इंजेक्शन यंत्रणा काढून अनेकांनी वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर बसवले आहेत. सांभाळायला ते सोपे आहेत, परंतु मूळ यंत्रणा सोबत मिळत नसेल तर किंमत कमी करून मागावी. ‘एएम१०१’ने सुरू होणारा चासी क्रमांक कागदपत्रांशी जुळल्याखेरीज इसार देऊ नये.